पऱ्हाट्यांच्या धुरात गेलेला आवाज

सुरुवात थुंकीपासून करावी लागेल. वाचताना कुणाला किळस आली तर येऊ द्या, मलाही आली होती.

मार्च सरत आला होता. सकाळी मोरीवर तोंड धुताना खोकल्याची उबळ आली आणि जे बाहेर पडलं ते राखाडी होतं. चुलीतली राख पाण्यात कालवल्यासारखं. मी विडी ओढत नाही, तंबाखूला कधी हात लावला नाही, आणि तरी माझ्या आतून ही घाण आली होती. तांब्याभर पाणी ओतून मी ते वाहवून टाकलं आणि कुणाला काही बोललो नाही.

माझं नाव रहीम. हिमायतनगरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. मी भोंग्याची गाडी चालवतो, म्हणजे रिक्षावर दोन भोंगे आणि हातात माईक. कापडाच्या दुकानाचा सेल असो, पोलिओचा डोस असो, बाजारात हरवलेलं पोर असो की कुणाची मय्यत, गल्लोगल्ली जाऊन सांगायचं हे माझं काम. आता बहुतेक गाडीवाले आवाज भरून आणतात आणि तीच टेप दिवसभर वाजवत फिरतात. मी तसं कधी केलं नाही. माणूस बघून बोलतो. म्हाताऱ्यांच्या गल्लीत सावकाश, बाजारात मोठ्यानं. घर त्याच आवाजावर चालत होतं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण हे मराठीत लिहितोय, कारण ज्यांनी वाचावं असं वाटतं ते मराठी वाचणारे आहेत.

डोंगर पेटला तेव्हा

आमच्याकडं कापूस निघाला की रानात पऱ्हाट्या उरतात, कापसाची वाळलेली झाडं. त्या उपटायच्या, ढीग लावायचे आणि काडी ओढायची, ही इथली रीत. त्यासोबत धुरे, म्हणजे रानाचे बांधही पेटवून देतात, गवत जळून मोकळं होतं म्हणून. त्या वर्षी अशाच एका रानातली आग वाऱ्यानं उचलली आणि डोंगरावर नेली. वर सागाची वाळकी पानं गुडघाभर साचलेली. पुढचे कित्येक दिवस डोंगर जळत राहिला.

संध्याकाळी गावातली पोरं गच्चीवर चढून मोबाईलवर व्हिडिओ काढायची. डोंगरावरून लाल रेघ सरकताना दिसायची. "कसला भारी दिसून राहिला बे!" असं एकमेकांना सांगायची. मोठी माणसंही बघायला थांबत. कुणी म्हणायचं, जंगलखात्यानं बघावं. कुणी म्हणायचं, पाऊस आला की विझल. पाऊस यायला सगळा उन्हाळा बाकी होता.

सकाळी तो धूर खाली उतरायचा. वारा पडलेला असायचा, धूर गावावर गोधडीसारखा पसरून बसायचा. वाळत घातलेल्या कपड्यांना वास, उशीला वास. माठावरचं फडकं उचललं तर पाण्यावर काळी कुसळं तरंगायची. दह्यावर सुद्धा. शाहीन, माझी बायको, चमच्यानं ती काढून टाकायची आणि आम्ही तेच दही खायचो. 

माझा तर तो सीझन. लग्नसराई, सेल, यात्रा. मी दिवसभर त्या धुरात तोंड उघडून ओरडत फिरत होतो. दुसरा माणूस नाकानं जेवढा धूर घेत असेल, त्याच्या कितीतरी पट मी तोंडानं घेत होतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. खोकला वाढला तसं मेडिकलवाल्यानं औषधाची लाल बाटली दिली. ती संपली, त्यानं दुसरी दिली.

बाजारात

मी पडलो तो बाजाराचा दिवस होता. चपलांचा सेल होता. "या या, एकावर एक..." एवढं बोललो आणि पुढचा शब्द निघेना. लोकांना वाटतं दम्यात श्वास आत जात नाही. माझा आत गेला होता, बाहेर निघत नव्हता. छाती फुगलेली, तिच्यावर कुणी पाटा ठेवलेला, आणि आतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. माईक चालूच होता, त्यामुळं ती शिट्टी साऱ्या बाजारानं ऐकली.

केळी विकणारी बाई म्हणाली, "रहीमभाई, भोंगा खराब झाला का हो?"

मी मान हलवली. तिनं माझ्या ओठांकडं बघितलं, टोपली तशीच टाकली आणि ओरडली, "अरे, ह्यो माणूस निळा पडून राहिला!"

तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली आणि लगेच नांदेडला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी उताणा झोपू शकत नव्हतो, पुढं वाकून बसलो होतो. शाहीननं मागून धरलं होतं. काचेतून मला रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंनी धुरे पेटवलेले. एका जागी धूर रस्त्यावर इतका आला की ड्रायव्हरनं शिवी हासडून काचा वर केल्या आणि गाडी हळू केली. माझ्या तोंडावर ऑक्सिजन आणि त्याच गाडीत फटीतून धूर. शेताच्या कडेला एक माणूस हातात फांदी घेऊन आग राखत निवांत उभा होता. अँब्युलन्स बघून त्यानं हात कपाळाला लावला, देवाचं नाव घेतलं असेल. मला त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. थुंकायला दम नव्हता.

वॉर्ड

पहिले दोन दिवस कुणी काही निदान सांगेना. थुंकी तपासायला गेली होती. तेवढ्यात गावात बातमी पोचली की रहीमला टीबी झाला. भेटायला आलेले लोक दारातूनच सलाम करून परत जायला लागले. माझ्या एका चुलत भावानं चहा आणला, मी प्यायलो, आणि त्यानं तो कप माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. काचेचा कप, घरून आणलेला. ज्याला खरंच टीबी आहे त्याच्याशी लोक रोज असंच वागत असतील, हे तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी छातीची डॉक्टर आली. तरणी पोरगी, बोलायला मऊ, पण काही लपवत नव्हती. तिनं मला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, फोटो बघितले, आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"चाचा, टीबी नाही. दमा आहे. तुमच्या श्वासनळ्या आधीपासून नाजूक असतील, धुरानं त्या सुजल्यात. तुमच्याकडं धूर कुठून येतो?"

"कुठून येत न्हाई ते विचारा," मी म्हणालो. तेवढ्या बोलण्यानंही धाप लागली.

"तोंडानं ओढायचा पंप घ्यावा लागेल. रोज. बरं वाटलं तरी."

"आणि आवाज?"

तिनं शाहीनकडं बघितलं. शाहीननं तिला माझं काम सांगितलं. डॉक्टर म्हणाली, "श्वास येईल. आवाजाचं मी आज वचन देत नाही. पण धुरात उभं राहून ओरडणं संपलं, हे धरून चाला."

ती गेल्यावर मी भिंतीकडं तोंड केलं. दम्याची भीती नंतर वाटली. त्या वेळी फक्त एवढंच डोक्यात होतं, की मी आता कोण?

वॉर्डाचा दिवस सुईनं सुरू व्हायचा. मग वाफ, मग गोळ्या, मग पुन्हा वाफ. वाफेचा मुखवटा रबराचा, त्याचा वास अजून नाकात आहे. आणि संडासात रोज विडीचा धूर! छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात, आत कोंडून घेऊन कुणीतरी विडी ओढायचं. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "झालं, झालं, दोनच झुरके." 

चांगलं आठवावं असं एकच माणूस. शेजारच्या खाटेवर उमरीकडचा एक म्हातारा होता, त्याची बायको सोबतीला. नाव गंगाबाई. लाईट गेली की ती दोन खाटांच्या मधी बसायची आणि एकाच पंख्यानं दोघांना वारा घालायची, एकदा नवऱ्याकडं, एकदा माझ्याकडं. टीबीची कुजबुज तिनंही ऐकली होती. शाहीन म्हणाली, "मावशी, ऱ्हाऊ द्या, तुमचे हात दुखतील." गंगाबाई म्हणाली, "हात हायतच कशाला मग?" आणि वारा घालत राहिली.

निजाम

शाहीनचा धाकटा भाऊ निजाम. त्याचं रान डोंगराला लागून आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी तो शहाळी घेऊन आला. माझा हात धरला आणि रडायलाच लागला.

"दुल्हेभाई, काय लागलं तर सांगा. मी हाय."

मला बरं वाटलं. शहाळ्याचं पाणी प्यायलो. इतके लोक दारातून परत गेले, हा खाटेवर बसला, मला टेकवून धरलं. तो गेल्यावर मी शाहीनला म्हणालो, "बघ, एवढा एकच माणूस निघाला." शाहीन शहाळ्याची टरफलं पिशवीत भरत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा भरत होती.

"काय झालं?"

"आग त्याच्याच रानातून वर गेली," ती म्हणाली. "पऱ्हाट्या त्यानंच पेटवल्या. वारा सुटलेला दिसत होता, तरी पेटवल्या. मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय."

पोटातलं पाणी वर आलं. खरंच आलं, मी खाटेखालच्या भांड्यात ओकलो. त्यानं माझा श्वास घेतला आणि मला पाणी पाजायला आला. आणि ही गप्प बसली.

"मला का सांगितलं न्हाई?"

"त्यो माझा भाऊ हाय. तुम्ही माझा नवरा हाव. मी कुठं जाऊ सांगा?"

पुढचे काही दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ती पंप हातात द्यायची, मी घ्यायचो. गंगाबाईच्या ते ध्यानात आलं होतं, पण ती मधी पडली नाही.

धुरातून धुरात

सुट्टी झाली तेव्हा डोंगर अजून धुमसत होता. म्हणून माझी बहीण मला रेणापूरला घेऊन गेली, लातूरकडची हवा बरी म्हणून. पहिले चार दिवस खरंच बरे गेले. मी अंगणात बसायचो, हळूहळू चालायचो. पाचव्या दिवशी शेजारच्या उसाच्या फडात पाचट पेटवलं. उसाचा वाळलेला पाला तो, धडाधड जळतो. जळक्या पाल्याची काळी कुसळं वाळवणावर, आमच्या डोक्यावर, माझ्या पांढऱ्या टोपीवर पडायला लागली. बहीण बांधावर जाऊन भांडली. फडाचा मालक भला माणूस, रोज मला तब्येत विचारायचा. तो म्हणाला, "ताई, एका दिवसाचं हाय. भावाला घरात घ्या ना."

सगळे भलेच असतात. हीच तर घाण आहे. कुणाला वाईट करायचं नसतं, फक्त काडी ओढायची असते.

घरात घेतल्यावर तरी काय, फटींतून धूर येतोच. तिथं मी शिकलो ते इथं सांगून टाकतो, कुणाच्या कामी आलं तर. रुमाल किंवा उपरणं तोंडाला बांधून बारीक धूर थांबत नाही, कोरोनात डॉक्टर लावायचे तसला घट्ट मास्क लागतो. एक खोली अशी ठेवा जिची दारं-खिडक्या नीट बसतात, आणि धूर असेल तेव्हा तिथं चूल, अगरबत्ती, मच्छरची कॉइल काही लावू नका. पोरांना अशा दिवशी मैदानात पळवू नका. खोकला आठ-पंधरा दिवस हटत नसेल तर बाटल्या पिऊ नका, छाती दाखवा. आणि पंपाला घाबरू नका. "एकदा लागला की सुटत न्हाई" असं मला निदान दहा जणांनी सांगितलं, त्यातल्या एकालाही दमा नव्हता. मी मधी आठवडाभर त्यांचं ऐकून पंप बंद केला आणि पुन्हा सुई टोचून घ्यायला गेलो.

मोबाईलवर हवेचा आकडा बघता येतो म्हणतात. मी आमच्या गावाचं नाव टाकून बघितलं. काहीच दिसलं नाही. आमची हवा मोजायला कुणी आलेलंच नाही.

शुद्ध हवा

पाऊस पडल्यावर गावी परतलो. पावसाळा, हिवाळा बरा गेला. आवाज आला, पण पहिल्यासारखा नाही. जाड झाला आणि लवकर थकतो. थोडं बोलायचं, थांबायचं, पाणी प्यायचं. मी पुन्हा गाडी काढली. गिऱ्हाईक निम्मं राहिलं. शाहीन सोबत बसायला लागली, मला दम लागला की माईक धरायची.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका मंडळानं मला बोलावलं. नाव घेत नाही. त्यांना 'शुद्ध हवा' असा मोठा कार्यक्रम करायचा होता. रॅली, भाषणं, झाडं लावणं. मला आनंद झाला. मी तीन दिवस ऊर फुटेस्तोवर फिरलो. भाषणांत एकानं तर माझं उदाहरण दिलं, "आपले रहीमभाई बघा!" टाळ्या पडल्या, मला हार घातला. नंतर सगळ्यांना नाश्ता दिला. मी हॉलच्या मागं गाडी काढायला गेलो तर मंडळाचे दोन कार्यकर्ते द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, थर्माकोलच्या प्लेटा आणि उरलेले पोस्टर ढीग करून पेटवत होते. पोस्टरवर 'धूर टाळा' लिहिलेलं, ते कडेनं काळं होत आत वळत होतं.

मी म्हणालो, "अरे, हे काय करून राहिलात?"

"साफसफाई, चाचा," एक जण म्हणाला. अगदी सहज.

गळ्यातल्या हाराचा तो गोड वास आणि प्लास्टिकचा जळका वास एकत्र झाला. हार काढला आणि तिथंच टाकला. पंप ओढत गाडीत बसलो. शाहीननं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती मग म्हणाली, "दुसऱ्याचं किती दिवस ओरडून सांगायचं? आपलं सांगू."

रानात

आपलं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी तिनं मला गाडी डोंगराकडं घ्यायला लावली. मधल्या वस्त्यांवर थांबून मी बोललो. पऱ्हाट्या जाळू नका, कुट्टी करायचं मशीन येतं, चार-पाच जणांनी मिळून बोलवा, रानातच खत होतं. काही लोक ऐकत होते, काही हसत होते.

निजामच्या रानाजवळ आलो तेव्हा तो ढिगाजवळ उभा होता. सोबत त्याचा सालगडी, हातात डिझेलची बाटली. आजूबाजूच्या रानात माणसं कामाला. आम्हाला बघून निजाम हसला. "दुल्हेभाई, इकडं कुणीकडं?"

मी माईक तोंडाला लावला. "निजाम..." म्हणालो आणि दम लागला. राग आला की मला श्वास पुरत नाही. शाहीननं माझ्या हातातून माईक काढून घेतला. ती तोवर माईकवर कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलली नव्हती.

"निजाम, मी तुझी आपा बोलून राहिले," ती म्हणाली. भोंग्यातून तो आवाज डोंगरापर्यंत गेला. "मागल्या साली तू इथं काडी लावली आणि ह्या माणसाचा श्वास गेला. मी कुणाला सांगितलं न्हाई. तू माझा भाऊ म्हणून. मला वाटलं, तुला तुझंच कळल. तुला काय कळलं न्हाई."

आसपासची माणसं कामं सोडून उभी राहिली. निजामचा चेहरा उतरला. "आपा, लोकांसमोर काय लावलं? मशीन मागितलं, पंधरा दिवस नंबर न्हाई. पेरणीला रान नको का? सगळेच जाळतात."

"सगळेच जाळतात," शाहीन म्हणाली. तिनं माईक माझ्याकडं दिला, गाडीतून उतरली, आणि ढेकळांतून चालत जाऊन त्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर चढून बसली. काट्याकुट्यात, बुरखा सावरत. मला वाटलं ती पडेल. सालगड्यानं बाटली मागं लपवली. शाहीन आता भोंग्याशिवाय बोलत होती, तरी ऐकू येत होतं. "लाव काडी."

निजाम लाल झाला. काही तरी घाण बोलला, मला की तिला कळलं नाही. मग हातातली काडेपेटी रानात फेकली आणि मोटारसायकल काढून निघून गेला.

ढीग जळला नाही. शाहीन ऊन उतरेपर्यंत तिथं बसून राहिली. मी शेजारच्या बाभळीखाली. मशीन पुढं आलं. निजाम आणि आजूबाजूच्या तिघांनी मिळून आणलं असं ऐकलं. तो आमच्या घरी येत नाही. ईदला आला नाही. शाहीन रडली. तिनं माझ्यासाठी भाऊ गमावला, आणि मला त्याच्यावरचा राग अजून सोडवत नाही.

आणि हेही खरं की धूर गेला नाही. त्या प्रसंगाला आठवडाही झाला नसेल. आम्ही बाजारातून घरी येत होतो. कालव्याच्या पलीकडं धुराचा उंच खांब उभा. वास गाडीत शिरला आणि माझ्या तोंडाला तेच कडू पाणी सुटलं. मी मास्क चढवला, पंप चाचपला आणि गाडी घराकडं वळवायला लागलो.

शाहीननं हँडलवर हात ठेवला. "ते कुणाचं रान हाय?"

"माहीत न्हाई."

"मग चला," ती म्हणाली, "नाव विचारू."